बोकडाच्या नळीतला पडदा

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, विज्ञानात उत्क्रांतीचा धडा चालू. ‘शरीरशास्त्रीय पुरावे’ या मथळ्याखाली माणसाचा हात, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर शेजारी शेजारी दाखवलेत. हाडांची मांडणी सारखी, म्हणून पूर्वज एक. मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्या सोसायटीत चारही बिल्डिंगींचा प्लॅन सारखाच आहे. म्हणून ए विंगमधून बी विंग जन्मली का? बिल्डर एक आहे, एवढंच!” बाबा निरुत्तर.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात ही मुलगी मला भेटायचीच, नाव तेवढं वेगळं असायचं. आणि तिचा मुद्दा खरा आहे. नुसत्या साम्यावरून नातं सिद्ध होत नाही. गरज नसताना राहिलेलं साम्य, आणि साम्य कोणाकोणात आहे नि कोणात नाही याची यादी, या दोन गोष्टी पाहिल्या की मग बोलता येतं. शाळेच्या पुस्तकाला तेवढी जागा नसते, म्हणून तिथे निष्कर्ष जरा घाईने येतो.

तर आधी हाडं बघू. रविवारी मटणवाल्याकडून बोकडाचे पाय आणा. तो सवयीने कोयता उचलेल, त्याला थांबवा. अख्खे पाय हवेत, आणि मागची एक तंगडी वरच्या सांध्यासकट. कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या झाल्या की मांस सुटतं. रस्सा खा, हाडं ठेवा. (शाकाहारी घरांनी एवढा भाग नुसता वाचावा.)

पुढचा पाय हातात घ्या. ज्याला आपण बोकडाचा गुडघा म्हणतो, तो गुडघा नव्हे, मनगट आहे. छोट्या छोट्या हाडांचे दोन थर दिसतील, आपल्या मनगटात असतात तसेच. खरं कोपर वर, छातीला चिकटून असतं. मनगटाखाली जी सरळ लांब नळी आहे ती म्हणजे तळहात. आपल्या तळहातात पाच हाडं असतात आणि इथे एकच दिसतं. आता त्या नळीच्या पुढच्या बाजूवरून नख फिरवा. वरून खालपर्यंत एक उभी पन्हळ लागेल. खालचं टोक बघा, तिथे दोन गोल गुळगुळीत डोकी आहेत, मध्ये खाच. प्रत्येक डोक्याला एकेक बोट जोडलेलं, प्रत्येक बोटाला तीन पेरं, शेवटच्या पेराला खूर. बोकड दोन बोटांच्या टोकांवर उभा असतो, तिसऱ्या आणि चौथ्या. दुसरं आणि पाचवं मागच्या बाजूला वर लोंबतात, ते दोन छोटे निरुपद्रवी खूर. अंगठा गायब.

नळी आता आडवी कापा. कोवळ्या करडाची असेल तर आत मधोमध हाडाचा पडदा स्पष्ट दिसतो, मगज दोन कप्प्यांत. जून जनावरात तो पडदा विरत जातो, तरी खूण उरतेच. गर्भात ही सुरुवातीला दोन वेगळी हाडं असतात आणि नंतर एकमेकांना चिकटतात. मुलीला इथे विचारा: तुझ्या बिल्डरला एकच भक्कम नळी हवी होती, तर त्याने आधी दोन बारीक नळ्या करून, त्या चिकटवून, मधली भिंत हळूहळू खरवडून का काढली असेल?

घोड्याची गोष्ट याहून मजेची आहे. घोडा एकाच बोटावर उभा असतो, मधल्या. त्याचा खूर म्हणजे आपल्या मधल्या बोटाचं नख. पण त्याच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारखी निमुळती दोन हाडं असतात, वर जाड, खाली टोकदार, आणि खाली कशालाच न जोडलेली. ही दुसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या तळहाताची हाडं. मनगटाच्या खालच्या थराला वरून टेकू द्यायला त्यांची थोडी मदत होते, पण खालचं निमुळतं टोक कशालाच आधार देत नाही, आणि तरुण घोड्यांना त्याचा त्रासच होतो: नळीशी जोडणारा बंध सुजतो, गाठ येते, घोडा लंगडतो. तबेल्यातली माणसं त्याला सरळ ‘स्प्लिंट आलं’ म्हणतात.

त्या बोटांचं पुढे काय झालं हे खडकांत सापडतं. अमेरिकेत ओथनिएल मार्श या जीवाश्मतज्ज्ञाने घोड्यांच्या जीवाश्मांचा मोठा संग्रह केला होता. 1876 मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली तो बघायला येल विद्यापीठात गेला. इंग्लंडहून येताना त्याने घोड्याचा वंश युरोपात घडला असं मानलं होतं. मार्शचे खण उघडून बघितल्यावर त्याने मत बदललं. सर्वात जुन्या, कुत्र्याएवढ्या घोड्याच्या पुढच्या पायाला चार बोटं होती आणि मागच्या पायाला तीन. नंतरच्यांना तीन-तीन, त्यानंतर बाजूची बोटं लहान होत होत जमिनीवरून उचललेली. वंशवृक्ष शिडीसारखा सरळ नव्हता, त्याला भरपूर फांद्या होत्या, हे पुढे कळलं. पण कडेची बोटं खरोखर होती यात शंका राहिली नाही. अजूनही क्वचित एखादं शिंगरू जादा बोट घेऊन जन्मतं. ज्युलियस सीझरच्या घोड्याबद्दल रोमन चरित्रकार स्वेटोनियसने तसंच लिहून ठेवलंय.

आता बिल्डरचा युक्तिवाद जरा नीट तपासू. एकाच कारागिराने सोयीचा आराखडा पुन्हा पुन्हा वापरला असं धरलं, तर साम्य कुठे दिसायला हवं? जिथे काम सारखं तिथे. उडणाऱ्यांचे पंख एकसारखे, पोहणाऱ्यांचे पर एकसारखे. दिसतं नेमकं उलटं. पाठीचा कणा असलेले तीन गट उडायला शिकले. वटवाघळाने अंगठा मोकळा सोडून उरलेली चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबवली आणि त्यांवर कातडं ताणलं. पक्ष्याने बोटं तीनवर आणून चिकटवून टाकली आणि उडण्याचं काम पिसांवर सोपवलं. डायनासोरांच्या काळातल्या टेरोसॉरने एकच बोट, चौथं, प्रचंड लांब केलं आणि पंखाचा पडदा त्याच्यावर टांगला. काम एक, आणि तीन वेगळे तोडगे. तिघांच्याही दंडात मात्र एक हाड, पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. पोहणाऱ्या देवमाशात तेच, खणणाऱ्या चिचुंद्रीत तेच, पळणाऱ्या बोकडात तेच. काम बदललं तरी मांडणी बदलत नाही, आणि काम एक असलं तरी तोडगे जुळत नाहीत. याची संगती लागते ती घराण्याकडे बघितल्यावर.

म्हणूनच आम्ही दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवतो. वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात हे समजात अवयव, मूळ एक. वटवाघळाचा पंख आणि चतुराचा पंख हे फक्त समकार्य. चतुराच्या पंखात हाडच नाही. हा भेद रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने 1843 मध्ये नीट मांडला. गंमत अशी की पुढे हाच ओवेन डार्विनच्या सर्वात कडव्या विरोधकांपैकी एक झाला. समजात अवयव त्याला लख्ख दिसत होते. त्यांच्यामागे त्याने एक ‘आदर्श नमुना’ मानला होता. म्हणजे तुमच्या मुलीचा बिल्डर साधारण ओवेनचाच. वाईट संगत नाही ती.

डॉल्फिन आणि शार्क बघा. तारकर्लीला बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. पाठ वर येते, वळते, खाली जाते. तिची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. शार्कची शेपटी उभी, डावी-उजवीकडे हलणारी. बाहेरून दोघं एकाच साच्यातले वाटतात, पण कणा वाकतो वेगळ्या दिशेने. वर-खाली वाकणारा कणा कुठे दिसतो? चौखूर पळणाऱ्या कुत्र्यात. डॉल्फिन पाण्यात पोहते ती जमिनीवर धावलेल्यांच्या कण्याने. आणि श्वास घ्यायला तिला दर थोड्या मिनिटांनी वर यावंच लागतं, आयुष्यभर पाण्यात राहूनही. शेजारच्या शार्कला कल्ले आहेत, तिला नाहीत.

माझ्या वर्गात मुलांचा चेहरा बदलायचा तो मात्र हाडांमुळे नव्हे, एका नसेमुळे.

टेबलावर फॉर्मलीनमध्ये मुरवलेली म्हैस, मान उघडलेली. स्वरयंत्रात शिरणारी एक पांढरी, सुतळीहून बारीक नस मी चिमट्याने उचलून दाखवायचो आणि सांगायचो, ही मेंदूकडून येते, माग काढा. मेंदू तिथून वीतभर अंतरावर, वरच्या बाजूला. सगळे वर शोधायला लागत. नस वर जातच नाही. ती श्वासनळीच्या कडेने खाली उतरते, अख्खी मान ओलांडून छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीखालून वळसा घेते आणि तिथे व्हेगस नावाच्या जाड नसेला मिळते. ती व्हेगस मग पुन्हा मानेतून वर मेंदूपर्यंत. म्हणजे डोक्यातून निघालेला संदेश घशाशेजारून जातो, छातीपर्यंत पोचतो, वळसा घालतो आणि परत घशाशी येतो. एखाद्याने दादरहून माटुंग्याला जायला पुणे गाठावं तसं. जिराफात हा हेलपाटा काही मीटरचा होतो.

उजवीकडची नस जरा आधी, पुढच्या पायाकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते, म्हणून ती आखूड. डावी लांब, आणि ती लांबी महागात पडते. उंच घोड्यांत डावी नस निकामी होण्याचा आजार असतो. स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडते आणि घोडा पळताना घशातून घरघर आवाज करतो. रेसकोर्सवर अशा घोड्याला ‘रोअरर’ म्हणतात.

हा वळसा कशापायी? माशाकडे गेलं की उलगडतं. माशाला मान नसते. हृदय डोक्यामागेच, कल्ल्यांजवळ. मेंदूतून निघालेल्या व्हेगसच्या फांद्या कल्ल्यांना रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या मधून सरळ जातात, कुठे हेलपाटा नाही. आपल्या गर्भातही सुरुवातीला तशाच धमनीकमानी तयार होतात आणि ही नस त्यांतल्या एकीच्या मागून जाते. मग मान लांबते, हृदय छातीत उतरतं, कमान सोबत खाली सरकते, आणि तिच्यामागे अडकलेली नस ओढली जाते. उत्क्रांतीला नस तोडून नव्याने सरळ जोडता येत नाही, कारण ती तोडली तर मधल्या पिढीतला प्राणी गुदमरेल.

“पण त्या वळणाचा काही उपयोग असेलच की,” असं कोणी ना कोणी म्हणायचं. वाटेत ती श्वासनळी-अन्ननलिकेला बारीक फांद्या देते, हे खरं. पण शंभरातल्या एखाद्याहूनही कमी माणसांत उजवी नस वळसा न घेता सरळ स्वरयंत्रात जाते. उजव्या हाताची धमनी गर्भात वेगळ्या जागेवरून निघाली की असं होतं. अडवायला कमानच नसते. ही माणसं नीट बोलतात, गातात. अडचण येते ती थायरॉइडच्या सर्जनला, कारण नस नेहमीच्या जागी नसते आणि चुकून कापली जाऊ शकते. सरळ रस्ता चालतो, हे निसर्गानेच दाखवून दिलंय.

अवशेषांगांबद्दल एक दुरुस्ती. ‘अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव’ ही व्याख्या मुलीने परीक्षेत हवी तर लिहावी, मनात धरू नये. देवमाशाच्या पोटात खोलवर कटीची दोन सुटी हाडं असतात, कण्याला न जोडलेली. जननेंद्रियांचे स्नायू त्यांना बांधलेले असतात, म्हणजे ती कामाची आहेत. अवशेष म्हणायचं ते यासाठी की मूळ काम, पाय पेलणं, गेलं. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे काटे असतात. कोणाही सर्पमित्राला विचारा. ते मागच्या पायांचे उरलेले शेंडे. नर मीलनाच्या वेळी ते मादीच्या अंगावर घासतो. घरातलं जुनं पाट्या-वरवंट्याचं दगड दाराला अडसर म्हणून वापरलं, म्हणून ते कधी वाटायचं दगड नव्हतं असं होत नाही.

माझी एक फजिती यातलीच. नोकरी नवी होती. एक बाई मांजर घेऊन आल्या, खात नव्हतं. एक्सरे काढला तर खांद्याजवळ काडीपेटीतल्या अर्ध्या काडीएवढं बारीक, वाकडं हाड, आजूबाजूच्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं. मी आत्मविश्वासाने सांगितलं, कोंबडीचं हाड गिळलंय, अडकलंय. शेजारच्या वरिष्ठांनी फिल्म उजेडात धरली आणि शांतपणे विचारलं, “दुसऱ्या बाजूला पण गिळलंय का?” दोन्हीकडे होतं. मांजराचं गळ्याजवळचं हाड, जत्रु. आपल्यात ते छातीचा आणि खांद्याचा सांधा बांधतं. मांजरात ते स्नायूत नुसतं तरंगतं. बोकडात तर हाडही उरलेलं नाही, स्नायूतून जाणारी एक पांढरी रेघ तेवढी दिसते, अगदी त्याच जागी. एका रेघेत, एका काडीत आणि एका भक्कम हाडात तीच गोष्ट ओळखायला शिकणं, हाच आमचा विषय. बाईंच्या मांजराच्या दाताला गळू होतं.

आता साम्यांच्या यादीकडे येतो. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 या काळात सिद्ध केली. देशभरातल्या हस्तलिखितांतून कोणती कोणाची नक्कल हे ठरवताना सगळ्यांत सारखं असलेल्या श्लोकाचा उपयोग नसतो. दोन पोथ्यांत तीच चूक, तोच घुसवलेला श्लोक, त्याच जागी गळलेली ओळ सापडली की त्यांचं मूळ एक. आणि चुका अशा जुळतात की कुळं पडतात, कुळांत पोटकुळं. प्राण्यांतही तसंच. केस असलेले सगळे पिल्लांना दूध पाजतात, त्या सगळ्यांच्या कानात तीन हाडं, खालचा जबडा एका बाजूला एकाच हाडाचा. जिराफाच्या मानेत सात मणके आणि उंदराच्या मानेतही सात; जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांत सात, स्लॉथ (झाडाला लटकणारा सुस्त प्राणी) आणि मॅनाटी (समुद्रगाय) सोडून. पिसं असलेलं वटवाघूळ नाही, कानात तीन हाडं असलेला पक्षी नाही. बिल्डर एका सोसायटीतली चांगली खिडकी दुसऱ्या सोसायटीत बिनदिक्कत बसवतो. इथे तशी उसनवारी दिसत नाही. स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसने 1758 मध्ये ही कुळं-पोटकुळं मांडली तेव्हा उत्क्रांती त्याच्या डोक्यातही नव्हती, आणि तरीही त्याने माणसाला माकडांच्याच गटात बसवलं.

या पद्धतीने चुका होतात का? होतात, आणि एक मोठी चूक सांगायलाच हवी, कारण ती बोकडाच्या त्या मागच्या तंगडीशी जोडलेली आहे.

देवमासे जमिनीवरच्या कोणत्या सस्तन प्राण्यांपासून आले? 1966 पासून बऱ्याच जीवाश्मतज्ज्ञांचं उत्तर होतं मेसोनिकिड, खूर असलेले, नामशेष झालेले मांसाहारी. आधार मुख्यतः दातांचा. जुन्या देवमाशांचे त्रिकोणी दात अगदी तसेच दिसतात. 1990 च्या दशकात डीएनए तपासणाऱ्यांनी वेगळंच सांगितलं: देवमाशाचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा, म्हणजे गाय-बोकड-डुकराच्या समखुरी गटातला. हाडांची माणसं ऐकायला तयार नव्हती. आमच्यात हा दोष आहे.

आता त्या मागच्या तंगडीतला सांधा उघडा. घोट्यात एक डमरूसारखं, मुठीत मावणारं हाड सापडेल, अॅस्ट्रॅगलस. वरच्या टोकाला कप्पी आणि खालच्या टोकालाही कप्पी. मेंढीच्या याच हाडाने ग्रीसपासून मंगोलियापर्यंत लोक फाशांसारखे खेळ खेळत आलेत. घोड्यात किंवा कुत्र्यात हे हाड बघितलंत तर कप्पी फक्त वर असते. दोन्हीकडे कप्पी हा समखुरी गटाचा शिक्का.

2001 मध्ये दोन गटांनी एकाच महिन्यात निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीवाश्मतज्ज्ञ फिलिप गिंगरिच यांना पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात पाय असलेल्या, सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं जुन्या देवमाशांचे सांगाडे मिळाले होते. हान्स थेविसन यांच्याकडे पाकिस्तानातलीच त्याहून जुन्या, जमिनीवर चालणाऱ्या देवमाशांची हाडं होती. दोघांकडेही घोट्याचं हाड होतं. दोन्हींना दोन कप्प्या. गिंगरिच स्वतः मेसोनिकिडवाले होते. त्यांनी जाहीरपणे मत बदललं. दातांचं साम्य समकार्य निघालं, मांस फाडण्याच्या कामातून आलेलं. घोट्यातलं साम्य घराण्याचं होतं.

पुढचा धागा आपल्याकडचा. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटजवळ भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जीवाश्म असलेले खडक गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांना दिले. साफ करताना एक कवटी तंत्रज्ञाच्या हातून फुटली आणि कानाच्या हाडाची आतली कड दिसली: विलक्षण जाड, जशी देवमाशांत असते. इंडोह्यूस, 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, बारीक पायांचा प्राणी, घोट्यात दोन कप्प्या आणि कान देवमाशाचा. हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. कच्छमधल्या जुन्या देवमाशांवर सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी बरंच काम केलंय. 2000 साली त्यांनी नाव दिलेला कचिसेटस तिथलाच.

मुलीच्या प्रश्नावर माझं उत्तर इथे येऊन थांबतं. हाडांवरून आम्ही एक गोष्ट म्हटली, ती चुकीची निघाली, आणि कोणत्या हाडाने ती चूक दाखवावी हेही आधी ठरलेलं होतं. खडकातून ते हाड बाहेर आलं तेव्हा ते डीएनएशी जुळलं. जगामागे कोणी बिल्डर आहे की नाही हा प्रश्न माझ्या टेबलावर कधी आला नाही आणि त्यावर मी बोलणार नाही. तिला सांगा, हाडं उकळून झाली की साबणाच्या पाण्यात दोन दिवस ठेव, मग मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणून बाबांच्या देखत त्यात थोडा वेळ बुडव, पांढरी होतील. घोट्याचं हाड आधी शोध, बाकीची हरवली तरी चालतील. आणि ओळखीत कोणी डुक्कर खाणारं असेल, तर त्यांच्याकडूनही तेच हाड मागून घे. खालची कप्पी बघ आहे का.